काळ्या मातीवर टर्फ : खर्च गवतावर नको, गवताखाली हवा

छत्रपती संभाजीनगरात टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, हा शब्द आता शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. संध्याकाळी तासावर भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद मैदानांवर बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉल चालतो. ज्यांच्याकडे बंगल्यामागे किंवा शेतघराजवळ मोकळी जागा आहे, त्यांना तसेच एक लहान मैदान घरी असावे असे वाटू लागले आहे. ही इच्छा चांगली आहे. मुले घराजवळ खेळतील आणि पडली तरी गुडघे कमी फुटतील. हिरवळीला लागणारे रोजचे पाणीही वाचेल. मराठवाड्यात हे शेवटचे कारण फार वजनदार आहे.

चौकशी सुरू झाली की बोलणे मात्र गवतापासूनच सुरू होते. पाते किती मिलिमीटरचे, रंग कोणता, हमी किती वर्षांची, असे प्रश्न विचारले जातात. खाली माती कोणती आहे, हे क्वचितच कोणी विचारते. आपल्याकडे मैदान बिघडते ते या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

काळी माती करते काय?

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने बनले. त्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी माती तयार झाली ती आपली काळी, कापसाची माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याचे कण पत्त्यांच्या जुडीसारखे थरावर थर रचलेले असतात. पाणी मिळाले की ते या थरांमध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी उडाले की माती आक्रसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि श्रावणात त्याच जागी भेगेचा मागमूस राहत नाही. शेतकऱ्याला या हालचालीचा फायदा होतो, कारण माती आपोआप उलथीपालथी होते. सपाट मैदान हवे असणाऱ्याला हीच हालचाल नडते.

या फुगण्याची ताकद किती असते ते पाहा. काळ्या मातीचा फुगवटा दाबून धरायचा झाला, तर दर चौरस मीटरला पाच टनांपासून वीस-पंचवीस टनांपर्यंत दाब लागू शकतो. मैदानाखाली आपण दोन फूट मुरूम आणि खडी भरली, तरी तिचे वजन चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपासच भरते. म्हणजे नुसत्या वजनाने ही माती दबणार नाही. तिला एकसारखी ओल राहील अशी व्यवस्था करणे, हाच खरा इलाज आहे. पुढची सगळी कामे या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी खड्डा, मग कोटेशन

शहर दुधना नदीच्या खोऱ्यात वसले आहे, उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगर आहेत. डोंगराच्या पायथ्याशी आणि उंचवट्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. सखल भागात, खाम आणि सुखना या नद्यांच्या किंवा त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी, काळी माती खोल असू शकते. एकाच वसाहतीत दोन गल्ल्यांमध्ये फरक पडतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या मैदानावरून आपला अंदाज बांधू नये.

जागेच्या दोन टोकांना आणि मध्ये असे तीन खड्डे घ्यावेत, प्रत्येक निदान पाच फूट खोल. कुठे किती फुटांवर मुरूम लागला ते लिहून ठेवावे. पूर्वी बांधकामाचा राडारोडा टाकून बुजवलेली जागा असेल तर तेही इथेच उघड होते. अशा भरावाच्या जागेवर घाई करू नये, कारण ती फुगण्याच्या आधी खचते. आसपासच्या जुन्या कंपाउंड भिंतीही खूप काही सांगतात. भिंतीला जिन्यासारख्या तिरक्या भेगा असतील, किंवा पावसाळ्यात दारे चौकटीत अडकत असतील, तर खाली फुगणारी माती आहे असे समजावे.

मातीची एक चाचणी सोपी आणि विश्वासार्ह आहे. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात ती दिली आहे. वाळवून, बारीक चाळून घेतलेली दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घालतात. एकीत रॉकेल भरतात, दुसरीत शुद्ध पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्ही नळ्यांतील मातीची उंची पाहून फरकाची टक्केवारी काढतात. ती पन्नासच्या आत असेल तर चिंता कमी. पन्नास ते शंभर असेल तर काळजीपूर्वक काम हवे. शंभरच्या वर गेली तर पुढे लिहिलेल्यापैकी काहीच वगळता येणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि खासगी प्रयोगशाळांत ही चाचणी होते. एकूण खर्चाच्या मानाने तिची फी किरकोळ असते.

कोणता खेळ, त्यावर कोणते गवत

सगळ्या खेळांना टर्फ चालते असे नाही. पिकलबॉलचे मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, म्हणून ते अंगणात सहज मावते. पण त्याचा छिद्रांचा प्लॅस्टिक चेंडू टर्फवर नीट उसळत नाही. त्याला कठीण पृष्ठभागच लागतो. बास्केटबॉलचेही तेच. फुटबॉलसाठी ४० ते ६० मिलिमीटर उंचीचे पाते लागते आणि त्यात वाळू व दाणे भरावे लागतात. टेनिस आणि पॅडेलसाठी आखूड, वाळू भरलेले गवत चालते. क्रिकेटच्या सरावपट्टीला नऊ ते अकरा मिलिमीटरचे दाट गवत वापरतात. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड म्हणजे ६६ फूट लांब असते. तेवढी जागा नसेल तर बॉक्स क्रिकेटवर समाधान मानावे.

पुढचा हिशेब ६० बाय ३० फूट, म्हणजे १,८०० चौरस फूट जागेचा केला आहे. घरगुती बॉक्स क्रिकेटला आणि लहान मुलांच्या फुटबॉलला एवढी जागा पुरते.

काम कधी सुरू करावे

मोकळी सुटी मिळते म्हणून बहुतेक जण एप्रिल-मे मध्ये काम काढतात. काळ्या मातीवर हा सर्वांत वाईट काळ आहे. तेव्हा माती पूर्ण वाळून, आक्रसून, भेगाळलेली असते. तिच्यावर मैदान केले की पहिल्याच पावसात ती फुगून वर येते. पावसाळ्यात रोलर रुततो, त्यामुळे तेव्हाही काम होत नाही. दिवाळीनंतर, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मातीत मध्यम ओल असते आणि पाऊस नसतो. काम तेव्हाच करावे. उन्हाळ्यात करणे अगदीच भाग असेल तर खोदलेल्या तळाला काही दिवस थोडे थोडे पाणी देऊन भेगा मिटवाव्यात. पाणी दिल्यावर वरून ताडपत्री किंवा प्लॅस्टिक झाकावे आणि मगच दबाई सुरू करावी.

खालून वर : थरांचा हिशेब

दीड फूट खोदकाम करायचे आणि दोन फूट भराव घालायचा. तयार मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच राहिले पाहिजे, म्हणजे अंगणाचे पाणी आत शिरणार नाही. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर २७ ब्रास माती निघते आणि दबलेल्या मापाने ३६ ब्रास भराव लागतो. निघालेली काळी माती फेकून देऊ नये. ज्यांचे रान हलके, मुरमाड आहे असे शेतकरी ती आनंदाने नेतात.

खोदलेला तळ मुळ्या काढून साफ करावा, रोलरने दाबावा आणि त्यावर न विणलेले, फेल्टसारखे जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. हे कापड टाळण्याचा मोह ठेकेदाराला फार होतो. ते नसेल तर ओली काळी माती मुरमाच्या फटींतून वर चढते आणि मुरूम तिच्यात उतरतो. काळ्या मातीवर थेट दगडी सोलिंग करणे म्हणूनच चूक आहे. दोन पावसाळ्यांत सोलिंगचे दगड मातीत बुडालेले दिसतात.

कापडावर १५ इंच मुरूम येतो. हे साडेबावीस ब्रास झाले, पण ते दबलेले माप आहे, सुटा मुरूम त्याहून बराच जास्त मागवावा लागतो. तो एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा भाग दबतो. पाच-पाच इंचांचे तीन थर करावेत, प्रत्येकावर पाणी मारावे, आणि रोलर जाताना थर हलेनासा होईपर्यंत दाबावा. मुरूम मातकट नको. मूठभर मुरूम ओला करून दाबला आणि तो हाताला चिखलासारखा चिकटला, तर ती गाडी परत पाठवावी. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याचे स्वामित्वधन भरलेले असावे लागते आणि गाडीसोबत वाहतूक परवाना असावा लागतो. तो पाहिल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये. फुकटात मिळणारा मुरूम बहुधा कोणत्या तरी टेकडीचा लचका असतो.

मुरमाच्या या थराला अभ्यासाचा भक्कम आधार आहे. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांचे अस्तर फुगवट्याने उखडत असे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात त्यावर संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर दिला तर खालचा फुगवटा आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवले. पुढे कालव्यांच्या अस्तरासाठीच्या भारतीय मानक ९४५१ मध्ये ही पद्धत आली. कालव्याखाली असा थर मीटरभर जाडीचाही देतात. अंगणात तेवढे खोदणे सहसा परवडत नाही, म्हणून आपण निम्म्याहून कमी जाडी घेतो आणि उरलेले काम पाण्याच्या बंदोबस्ताकडून करून घेतो.

खोल काळी असेल तर तळाच्या वीतभर मातीत वजनाच्या चार-पाच टक्के विरलेला चुना मिसळून दाबण्याचीही पद्धत आहे. चुन्यामुळे मातीचा चिकटपणा आणि फुगणे दोन्ही कमी होते. मात्र चुना नीट, एकसारखा मिसळला गेला पाहिजे. मजुरांना हातमोजे आणि चष्मे दिल्याशिवाय हे काम करू नये.

पाणी : खाली नव्हे, बाजूला

विदेशी माहितीपत्रकांत आणि त्यांची नक्कल करणाऱ्या आपल्याकडच्या कोटेशनांतही टर्फखालचा पाया पाणी खाली झिरपू देणारा असावा असे लिहिलेले असते. पाणी खेचून घेणाऱ्या वालुकामय जमिनीवर ते बरोबर आहे. काळ्या मातीवर तसे केले तर पावसाचे सगळे पाणी आपणच फुगणाऱ्या मातीपर्यंत नेऊन सोडतो. इथे पाणी टर्फमधून खडीत उतरले पाहिजे आणि तिथून आडवे वाहून बाहेर गेले पाहिजे.

त्यासाठी मुरमाच्या वरच्या पृष्ठभागालाच उतार द्यावा. ३० फुटांच्या रुंदीत साडेतीन इंच, म्हणजे शंभरास एक, एवढा पुरतो. खेळताना तो जाणवत नाही. या उतारावर जाड, निदान ५०० मायक्रॉनचे जलरोधक प्लॅस्टिक अंथरावे. खालून-वरून जिओटेक्स्टाइलचे कापड दिले तर खडीने ते फाटत नाही. त्यावर आठ इंच खडी, म्हणजे बारा ब्रास, दाबून घ्यावी. सर्वांत वर इंचभर कच पसरून पट्टीने समतल करावा. उताराच्या खालच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या वर, छिद्रे असलेली चार इंची पाइपलाइन खडीत टाकावी. तिलाही कापड गुंडाळावे आणि तिचे तोंड मैदानापासून दूर काढावे.

इतके करूनही कडा धोक्यात राहतात. मैदानाच्या मध्याखालची ओल वर्षभर फारशी बदलत नाही, पण कडेची माती पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. कड आधी उचलते, मग बसते, आणि टर्फचे सांधे तिथूनच उसवतात. यावर उपाय म्हणजे चारी बाजूंनी अडीच-तीन फूट खोल चर घेऊन अंथरलेले प्लॅस्टिक त्यात उभे उतरवणे. बाहेरून तीन फूट रुंदीची फरशीची पट्टी करावी. तिच्यालगत फुलझाडांचे वाफे किंवा ठिबकच्या नळ्या नकोत. मोठे झाड असेल तर त्याच्या उंचीएवढे तरी अंतर राखावे. कडुलिंब, पिंपळ किंवा बांबूच्या मुळ्या उन्हाळ्यात मैदानाखालची ओल ओढून घेतात आणि ती बाजू बसते. मैदानासाठी झाड तोडण्यापेक्षा मैदान सरकवावे. जागाच नसेल तर मैदान लहान करावे.

पाइपमधून बाहेर काढलेल्या या पाण्याची किंमतही मोठी आहे. १,८०० चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर आठ हजार लिटरहून जास्त पाणी जमते. शहराची वर्षाची सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर धरली तर हा आकडा लाखाच्या पुढे जातो. ज्या शहरातल्या कित्येक वसाहतींनी वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदा येणारे नळाचे पाणी पाहिले आहे, तिथे ते गटारात सोडणे मनाला पटत नाही. पाइपचे तोंड गाळणीच्या हौदात आणि तिथून टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात न्यावे. गाळणी मात्र नक्की हवी, कारण टर्फचे तुटलेले तंतू पाण्याबरोबर येतात. पुनर्भरणाचा खड्डा मैदानापासून दूर आणि काळी भेदून मुरमात उतरलेला असावा.

काँक्रीट का नको?

काही जण म्हणतात, चार-पाच इंच काँक्रीट ओतले की काम संपले. काळ्या मातीवर काँक्रीटचा पातळ थर फुगवट्याने तडकतो. एकदा तडकला की फोडून नवा करण्याखेरीज मार्ग नसतो. खडीचा पाया थोडा हलला तर टर्फचा तेवढा भाग उचलून, कच भरून, पुन्हा चिकटवता येतो. त्यामुळे जिथे टर्फच घालायचे आहे तिथे माझे मत खडीच्या बाजूने आहे. पिकलबॉल किंवा बास्केटबॉलसाठी काँक्रीट लागणारच असेल, तर सळईची जाळी आणि नीट आखलेले सांधे यांच्याशिवाय ते करू नये. खालचे मुरमाचे काम तर दोन्हीकडे सारखेच लागते.

जाळीचे खांब हा वेगळा विषय आहे. वीस-पंचवीस फूट उंचीच्या जाळीवर वळवाच्या वादळात मोठा जोर येतो. खांबांचा पाया काळ्या मातीत संपता कामा नये. तो मुरमापर्यंत उतरला पाहिजे. मुरूम फारच खोल असेल तर खाली कंदासारखा फुगीर भाग असलेले पाइल करतात. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही रचना खास काळ्या मातीसाठी विकसित केली आहे.

टर्फ : भराव, ऊन आणि आयुष्य

गवत अंथरणे हे त्या मानाने सरळ काम आहे. बहुतेक रोल चार मीटर रुंदीचे येतात. ते उन्हात उलगडून काही तास पडू द्यावेत, मग सांध्यांखाली पट्टी ठेवून चिकटवावेत. पात्यांचा कल सगळ्या रोलमध्ये एकाच दिशेला आहे की नाही, हे चिकटवण्याआधी पाहावे. नंतर सिलिका वाळू झाडूने पात्यांच्या बुडाशी बसवतात.

रबराच्या दाण्यांबद्दल मात्र विचार करावा. ते जुन्या टायरांचे केलेले असतात, उन्हात तापतात आणि बुटांबरोबर घरभर जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकविरोधी नियम केले. मैदानांत भरण्याच्या अशा दाण्यांची विक्री तिथे २०३१ पासून बंद होणार आहे. घरगुती मैदानाला वाळूचा भराव पुरतो. रबर लहान मुलांच्या घरात नकोच, असे मी स्पष्ट सांगेन.

ऊन ही टर्फची सर्वांत मोठी उणीव आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तेव्हा दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जातो. पाणी मारल्याने तो थोडा वेळ निवतो, पुन्हा तापतो. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि सूर्य उतरल्यावरच खेळावे. अनवाणी तर कधीच नाही.

चांगले टर्फ साधारण आठ ते दहा वर्षे टिकते. पाया नीट झालेला असेल तर तो दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्फलाही उपयोगी पडतो. तरी पायाकडे दुर्लक्ष होते, त्याला थोडा इतिहासही आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कृत्रिम गवत गाजले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी त्यावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. त्या धक्क्यामुळे आपल्याकडे या गवताकडे नेहमी वरून पाहिले गेले, त्याच्या वेगाकडे आणि चेंडूच्या उसळीकडे. खालच्या थरांची चर्चा मात्र आजही फारशी होत नाही.

टर्फ घालू नये अशी जागा

काळी माती पाच फुटांच्या खड्ड्यातही संपली नाही, चाचणीचा आकडा शंभरच्या वर आला, आणि पाणी बाहेर काढायला उतार नाही, असे तिन्ही एकत्र आले तर टर्फचा नाद सोडावा. त्याच जागेत मुरमावर चाळलेली माती पसरून कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे मैदान करावे. ते दरवर्षी पावसाळ्यानंतर पाणी मारून, दाबून पुन्हा सपाट करता येते. त्याला खर्च थोडा येतो आणि खेळ भरपूर होतो.

टर्फच करायचे ठरले, तर कोटेशनमध्ये प्रत्येक थराची जाडी, कापडाचे वजन, प्लॅस्टिकचे मायक्रॉन आणि पाइपचा मार्ग लेखी मागा. प्रत्येक थर झाकण्याआधी त्याचे फोटो आणि मापे घ्या. काळ्या मातीचा खरा कस पहिल्या पावसात लागतो, म्हणून शेवटचा हप्ता पहिला पावसाळा पार पडल्यावर, मैदान पुन्हा मोजून देण्याची अट करारात घालून घ्या.